चूलबंद आमंत्रण आणि तीन टिंबं

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालं की गडब लागतं. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी हे गाव दिसण्याआधी ऐकू येतं, कारण कुणाकडे ना कुणाकडे हळद असते आणि डीजेवाल्याला आपलं नाव पेणपर्यंत पोचवायचं असतं. आगरी हळद पहिल्यांदा बघणारा पाहुणा मटणाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी यातून डोकं वर काढल्यावर एकच प्रश्न विचारतो: एवढ्या माणसांचा अंदाज घेता कसा? यजमान म्हणतो, "येतील तेवरी येतील." आचारी काहीच म्हणत नाही. तो टोपाकडे बघतो, मांडवाच्या तोंडाकडे बघतो आणि पोराला आणखी एक टोप चढवायला सांगतो.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मंडळी गेली पन्नासेक वर्षं याच प्रश्नाशी झटताहेत. त्यांच्याकडे मटण नसतं, त्यामुळे वैताग जास्त असतो.

फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक नाव दिलेला तुकडा. त्याला काही किमती द्यायच्या, तो काम करून उत्तर परत देतो. वर्गमूळ काढणारं फंक्शन एक आकडा घेतं. दोन दिलेत तर कंपायलर नावाचा द्वारपाल दारातच अडवतो. इथवर सगळं शिस्तीत. पण "दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा सांग" किंवा "हे सगळं पडद्यावर छाप" असं काम आलं की पंचाईत होते. कधी दोन गोष्टी छापायच्या असतात, कधी नऊ. दोघांचं एक, तिघांचं एक, चौघांचं एक अशी फंक्शनं लिहीत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून "कितीही द्या, घेतो" असं म्हणणारं फंक्शन लिहावं लागतं. हे वाक्य यजमानाचं आहे. ते बोलायला काहीच लागत नाही. लागतं ते आचाऱ्याला.

गावाकडे आमंत्रणाचे प्रकार ठरलेले आहेत. "घरटी एक" म्हणजे घरामागे एक माणूस; दोघे गेले तर दुसऱ्याकडे अशा नजरेने बघतात की त्याला भाकरी गिळत नाही. "जोडप्याने या" म्हणजे दोन. आणि मग येतं चूलबंद आमंत्रण. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, घरात असतील तेवढ्यांनी जेवायला यायचं. म्हणजे म्हाताऱ्या आत्येपासून रांगत्या पोरापर्यंत सगळे, सुट्टीला आलेली मुंबईची भाचरं, आणि दिवा-रोहा गाडीने कासूला उतरून सहज चक्कर टाकायला आलेला जावईसुद्धा. जावयाबरोबर त्याचा मित्र असतो. त्या मित्राला नवरामुलगा कोण हे ठाऊक नसतं, पण नळीचा तुकडा कुठल्या टोपात आहे हे त्याला नेमकं कळतं.

सी भाषेत चूलबंद आमंत्रण तीन टिंबांनी देतात. फंक्शनच्या नावापुढच्या कंसात आधी ठरलेले पाहुणे लिहायचे, मग स्वल्पविराम, मग तीन टिंबं. डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडवली, आणि ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर लिहिलेलं तिचं पुस्तक 1978 साली आलं. त्या काळात कोण किती पाहुणे घेऊन आलंय हे कंपायलर तपासतच नसे. सगळीच आमंत्रणं चूलबंद होती म्हणा ना. 1989 च्या प्रमाणित आवृत्तीने शिस्त लावली आणि टिंबांना अधिकृत जागा दिली. मात्र एक अट घातली: टिंबांच्या आधी निदान एक नाव लिहिलेला पाहुणा हवाच. मंडपात बाकी कोणी असो वा नसो, मामा हवा. मामाचा पाट कुठे मांडलाय हे कळल्याशिवाय पुढची पंगत कुठून सुरू होते ते कळणार कसं? ही अट तीसेक वर्षं टिकली. सी-23 या अलीकडच्या आवृत्तीने ती काढून टाकली. आता मामाशिवायही चालतं. गडबमध्ये हा बदल पोचायला वेळ लागेल. मामालोक तो पोचू देणार नाहीत.

आता खरी गंमत. सी भाषेत फंक्शनला कितीही पाहुणे देता येतात, पण किती आले हे त्याला कुणीही सांगत नाही. दारावर कुणी मोजत नाही, नोंद नसते. फंक्शनने एकेक पान पुढे सरकत वाढत जायचं आणि थांबायचं कधी ते आपल्या अकलेने ठरवायचं. थांबण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत प्रिंटएफ या जगप्रसिद्ध फंक्शनची. त्याला मामा म्हणून एक मजकूर मिळतो. त्या मजकुरात जिथे जिथे टक्क्याची खूण, तिथे तिथे एक पाहुणा आहे असं ते धरून चालतं. मजकुरात तीन खुणा असल्या की ते तीन पानांवर वाढतं. चौथा आणि पाचवा पाहुणा येऊन बसला असेल, तर त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ते मुकाट बसून राहतात आणि काही बिघडत नाही. पण खुणा तीन आणि पाहुणे दोनच असले तर? तर प्रिंटएफ तिसऱ्या पानाकडे जातंच. तिथे माणूस नसतो, कुणाची तरी चप्पल असते. प्रिंटएफ ती चप्पल तिसरा पाहुणा म्हणून गंभीरपणे जाहीर करतं. मामा जे म्हणाला ते म्हणाला, अशी त्याची निष्ठा.

या निष्ठेचा गैरफायदा लोकांनी घेतला नसता तरच नवल. 2000 सालच्या सुमारास ध्यानात आलं की काही प्रोग्राम बाहेरच्या माणसाने दिलेला मजकूरच मामा म्हणून बसवतात. मग बाहेरचा माणूस मजकुरात टक्क्याच्या खुणा पेरतो आणि फंक्शन त्याला घरातली एकेक वस्तू वाचून दाखवतं. त्यातली एक खूण तर अशी की तिच्यामुळे वाचायचं सोडून मेमरीत लिहिलं जातं. म्हणजे दारात आलेल्या अनोळखी माणसाला "या मामा" म्हणून पाटावर बसवायचं, आणि त्याने कपाट उघडलं की वर चाव्यांचा जुडगाही द्यायचा. त्यानंतर कंपायलर शहाणे झाले. जीसीसीसारखा कंपायलर आता मजकुरातल्या खुणा आणि आलेली माणसं ताडून बघतो आणि जुळत नसतील तर कुरकुरतो. लग्नघरात ओटीवर बसलेल्या आत्येचं हेच काम असतं. तिचं ऐकायची सक्ती नसते. ऐकलं नाही तर पुढे वीस वर्षं ऐकावं लागतं.

दुसरी रीत युनिक्समधल्या एक्सेकएल या फंक्शनची. हे मामाला विचारत नाही. त्याला पाहुण्यांची रांग द्यायची आणि रांगेच्या शेवटी एक रिकामा माणूस उभा करायचा, तांत्रिक भाषेत नल. त्याचं काम एवढंच की "माझ्या मागे कुणी नाही" असं सांगायचं. वाढपी त्याच्यापर्यंत आला की थांबतो. पद्धत साधी आणि स्वस्त. पण तो शेवटचा माणूस उभा करायला विसरलात, तर वाढपी थांबतच नाही. तो मांडवाबाहेर पडतो, शेतातून चालत जातो आणि शेजारच्या पाड्यावरच्या दुसऱ्याच हळदीत भाकऱ्या वाढू लागतो. तिथे त्याला कुणी हटकत नाही. संगणकाच्या जगात याला "काय होईल ते सांगता येत नाही" असा अधिकृत दर्जा आहे आणि प्रमाणग्रंथात तसं लिहून ठेवलेलं आहे. एवढा प्रामाणिक करार लग्नाच्या बोलणीत झालेला कुणी ऐकला नसेल.

लहान पोरांचाही नियम आहे. तीन टिंबांच्या पंगतीत अर्धं पान नसतं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं तिकीट असतं, तसं इथे नाही. छोट्या आकाराच्या किमती आल्या की सी त्यांना मोठं करूनच बसवते: कॅरेक्टर आणि शॉर्ट आले तर त्यांचा पूर्ण आकाराचा पूर्णांक होतो आणि फ्लोट आला तर त्याचा डबल होतो. हळदीत तीन वर्षांच्या कार्ट्यासमोरही पूर्ण भाकरी आणि सहा तुकडे पडतात, आणि ते भाकरीचा पापुद्रा सोलत बसतं, त्यातलाच हा प्रकार. पण फंक्शन लिहिणाऱ्याने हे विसरून "आता फ्लोट दे" अशी मागणी केली, तर पंगतीत त्या नावाचं कुणी बसलेलंच नसतं. आत शिरताना सगळे मोठे झालेले असतात.

जेवणं झाली, आता उष्टी कोण काढणार? हा प्रश्न विनोदी वाटतो, पण बत्तीस बिटांच्या इंटेल संगणकांवर यावरून दोन घराणी पडली होती. फंक्शनला दिलेल्या किमती स्टॅक नावाच्या उतरंडीवर ठेवल्या जातात आणि काम झालं की त्या उचलाव्या लागतात. एका घराण्यात उचलायचं काम बोलावलेल्या फंक्शनचं, दुसऱ्यात बोलावणाऱ्याचं. पहिली रीत आटोपशीर, म्हणून विंडोजने आपल्या बहुतेक फंक्शनांसाठी तीच घेतली. पण पाहुणे किती ते ठाऊकच नसलेलं फंक्शन पानं उचलणार किती? कमी उचलली तर चिखल, जास्त उचलली तर पुढच्या पंगतीच्या भरल्या पत्रावळी कचऱ्यात. म्हणून जिथे चूलबंद आमंत्रण आहे तिथे उष्टी काढायची ती बोलावणाऱ्यानेच, कारण किती जणांना बसवलं हे फक्त त्यालाच माहीत. विंडोजलाही आपल्या डब्ल्यूस्प्रिंटएफ या फंक्शनसाठी हा अपवाद करावा लागला. "येतील तेवरी येतील" म्हणणाऱ्या प्रत्येक यजमानाने हा नियम पत्रिकेमागे छापून घ्यावा.

पुढे चौसष्ट बिटांचे संगणक आले आणि लिनक्ससारख्या प्रणालींनी एक मजेशीर तडजोड केली. चूलबंद फंक्शनला बोलावताना एका छोट्या रजिस्टरमध्ये एक आकडा ठेवायचा. एकूण पाहुणे किती, हा तो आकडा नव्हे. अपूर्णांकांसाठीच्या ज्या खास जागा असतात, त्यांतल्या जास्तीत जास्त किती वापरल्या आहेत, एवढंच तो सांगतो. म्हणजे यजमान आचाऱ्याला म्हणतो, "एकूण किती येतील ते विचारू नकोस, पण माळकरी फार तर आठ." आणि गडबच्या हळदीत नेमकं हेच होतं. मटणाचा हिशेब देवावर, पण कोपऱ्यातल्या शाकाहारी टेबलाचा आकडा पक्का असतो. तो चुकला तर तुळशीची माळ घातलेले काका उपाशी उठतात, आणि वारकऱ्याला उपाशी उठवल्याची बातमी डीजेच्या आवाजापेक्षा लांब जाते.

समजा, कुणीच आलं नाही तर? हा अशुभ प्रश्न मांडवात विचारत नाहीत, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी तोच विचारावा लागतो. लिस्प या जुन्या भाषेत बेरीज कितीही आकड्यांची करता येते, अगदी एकाही नाही अशा आकड्यांचीसुद्धा. न आलेल्यांची बेरीज शून्य येते आणि न आलेल्यांचा गुणाकार एक. गणितात हे अगदी योग्य आहे आणि व्यवहारातही. कुणी आलं नाही तरी यजमान एक उरतोच. पायथॉनला रिकाम्या पंगतीतला सगळ्यात मोठा कोण असं विचारलं तर ते सरळ भांडतं: निदान एक तरी द्या. जावास्क्रिप्ट मात्र भांडत नाही. ते शांतपणे सांगतं की कुणी नसलेल्यांतला सगळ्यात मोठा म्हणजे उणे अनंत आणि सगळ्यात लहान म्हणजे अधिक अनंत. लहान मोठ्यापेक्षा मोठा निघतो. यात तर्क आहे, पण तो ऐकेपर्यंत रस्सा गार होतो.

जावास्क्रिप्टचा एकूण स्वभावच असा अघळपघळ. तिथे प्रत्येक आमंत्रण चूलबंद. जास्त आले तर दुर्लक्ष, कमी आले तर रिकाम्या पाटावर "अनिर्धारित" नावाचा पाहुणा. त्यातून घोटाळे होतात. तीनदा लिहिलेल्या "10" या मजकुराचे आकडे करा म्हणून यादी पार्सइंट या फंक्शनकडे धाडली, तर यादी प्रत्येक "10" सोबत त्याचा रांगेतला क्रमांकही धाडते. पार्सइंटला वाटतं, हा दुसरा पाहुणा म्हणजे कुठल्या पद्धतीने मोजायचं ते सांगणारा. उत्तर येतं: दहा, "आकडा नाही" आणि दोन. जावयासोबत आलेल्या मित्राला लग्नविधीची गाणी गाणाऱ्या धवलारणीने नवरा समजून गाणं सुरू केलं तर जे होईल, ते.

जावा भाषेने 2004 साली चूलबंद आमंत्रणाचा सोहळा आणला तो कडक सासऱ्याच्या थाटात: अमर्याद पाहुण्यांची झुंड एकच, आणि ती सगळ्यात शेवटी. मुलीकडचे कितीही आणि मुलाकडचेही कितीही असं चालणार नाही, कारण एकांचे कुठे संपले आणि दुसऱ्यांचे कुठे सुरू झाले हे सांगणार कोण? रात्री अकरा वाजता गडबच्या मांडवात उभं राहून सांगून दाखवावं.

सी प्लस प्लसने 2011 साली उपाय काढला की प्रत्येक पाहुण्याची जात, गोत, आकार कंपायलरनेच आधी तपासून घ्यावा आणि जेवढे येतील तेवढ्यांसाठी स्वतंत्र पंगत शिजवावी. काम अवघड होतं, पण झालं. त्याच 2011 साली गडबवरून जाणाऱ्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण सुरू झालं. सी प्लस प्लसच्या त्यानंतर 2014, 2017 आणि 2020 अशा आवृत्त्या निघाल्या. महामार्गाच्या तारखा निघाल्या. त्यामुळे पाहुण्यांचा आकडा कळला तरी ते कधी पोचतील हे कुठलाही कंपायलर सांगू शकत नाही. नवऱ्यामुलासोबत डोलवीच्या कारखान्यात काम करणारे दोस्त जवळचे म्हणून वेळेवर. रोह्याची आत्या निघाली म्हणून फोन आल्यावर दोन पंगती उठतात.

माझ्या मते शहाणपणा दाखवला तो पायथॉनने. एका चांदणीखाली, म्हणजे * या खुणेखाली, येतील तितके पाहुणे एका ओळीत बसतात आणि ओळ स्वतःची लांबी जाणते, मामाला विचारावं लागत नाही. दोन चांदण्या दिल्या की नावानिशी येणारे वेगळे घेतले जातात: नाव आणि त्यापुढे किंमत. ही म्हणजे मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेल्या गुरुजींची आहेराची वही. 2016 च्या आवृत्तीपासून ही वही आल्या क्रमाने राहते, हेही वहीसारखंच. एकच नाव दोनदा आलं तर मात्र पायथॉन हरकत घेतं. गुरुजी तसे अडत नाहीत. एका नावाचे चार जण आले तर ते "वरच्या आळीतला", "रिक्षावाला", "मिशीवाला" आणि "तो दुसरा" असं लिहून मोकळे होतात. "तो दुसरा" कोण हे पुढे परत आहेर करायच्या वेळी कळतं.

पायथॉनमध्येही एक जागा फसवी आहे. आचारी विचारतो, "किती आले?" पोरगा धावत येऊन सांगतो, "एक." आचारी निर्धास्त होतो. तो एक म्हणजे टेम्पो असतो. टेम्पोत बावीस माणसं असतात. यादी तशीच दिली तर फंक्शनच्या दृष्टीने पाहुणा एक. यादीआधी चांदणी लावून दिली तर टेम्पोचा फाळका उघडतो आणि बावीस जण उतरतात. नवशिके हीच चांदणी विसरतात आणि मग बावीस जणांसाठी एक ताट लागलेलं दिसतं.

इतक्या भाषांच्या पंगतीत जेवून निघतं ते एवढंच की "कितीही या" या उदारपणाची किंमत कुणीतरी मोजतोच, आणि तो बहुतेक वेळा उदारपणा दाखवणारा नसतो. सीने मोजणी लिहिणाऱ्यावर टाकली, जावास्क्रिप्टने नशिबावर, सी प्लस प्लसने कंपायलरवर आणि पायथॉनने ओळीवरच. मोजणारा बदलतो, मोजणी टळत नाही. म्हणून असं फंक्शन लिहायचं झालं तर ज्यांच्यावाचून अडतं त्यांची नावं आधी आणि ठळक लिहावीत. कुणीच आलं नाही तर काय, हे पहिल्या दिवशी ठरवावं. आणि एका साध्या यादीने भागत असेल तर टिंबांच्या नादी लागू नये. आणि मोजायला ज्याला बसवाल, त्याला पहिल्या पंगतीत जेवायला घालावं. उपाशी माणसाने केलेली मोजणी नेहमी एकाने जास्त भरते, आणि ते जास्तीचं ताट कुणाचं हे विचारायची सोय नसते.